मलावीतले पहिले चार दिवस आणि माझी एक जुनी हेडलाइन

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पेपरात माझी एक बातमी पहिल्या पानावर लागली होती. हेडलाइन मीच दिली होती : 'परदेशी तुरीच्या आक्रमणाला अखेर लगाम'. केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर बंधनं घातली होती, त्याची बातमी. आपल्या मोंढ्यातल्या दोन-तीन जणांनी ते कात्रण दुकानात चिकटवलं होतं. मला बरं वाटलं होतं. अजूनही ती बातमी चुकीची होती असं मी म्हणत नाही.

पण त्या हेडलाइनच्या दुसऱ्या बाजूला कोण उभं होतं, ते मला आठ वर्षांनी, परवा दुपारी कळलं. पोस्ट लांब आहे मित्रांनो. सवडीने वाचा.

आधी खुलासा. मी सध्या आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या मलावी देशात आहे. आपल्या भागातली एक संस्था इथे कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर घेतेय, त्यांच्याबरोबर आलोय. विमानाचं तिकीट संस्थेने काढलं, बाकी खर्च माझा. काय लिहायचं, काय नाही, हे कोणी सांगितलेलं नाही. आम्ही अकरा जण आहोत. दोन डॉक्टर, पाय बनवणारे चार कारागीर, एक रिटायर गुरुजी, दोन कॉलेजची पोरं, मी, आणि आमचे तात्या. तात्या मूळचे शेतकरी. वेल्डिंग येतं, पाइप तापवायची भट्टी सांभाळतात, आणि घरी साडेचार एकर तूर-सोयाबीन आहे. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

पहिला दिवस

मुंबईहून अदीस अबाबा, तिथून लिलाँग्वे. लिलाँग्वे ही इथली राजधानी. सगळा देश आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. समुद्र नाही, पण एक लांबलचक सरोवर आहे. १९६४ साली इंग्रजांपासून मोकळा झाला. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

आणि थंडी! आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात धरून आम्ही अकराच्या अकरा जण हाफ शर्टावर आलो. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा संपत आलेला असतो. विमानतळाबाहेर गुरुजी टॉवेल पांघरून उभे होते. आपल्याला या खंडाबद्दल किती माहिती आहे, त्याचा हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा कस्टममध्ये मिळाला. आमच्या सहा पेट्या होत्या. त्यात रबराचे पाय, प्लास्टरचं सामान, पट्टे, आणि पाइप. हा पाइप म्हणजे एचडीपीई, आपल्या शेतात स्प्रिंकलरला असतो त्याच जातीचा. तो तापवून पायाच्या साच्यावर ओढतात. कागदपत्रं चार महिने आधीपासून केलेली. तरी सहापैकी चार पेट्या अडकल्या. का? तर निघायच्या आदल्या रात्री आम्ही मंडळींनी पेट्यांत मोकळी जागा दिसली म्हणून जुन्या साड्या, पोरांचे जुने शर्ट, दप्तरं कोंबली होती. 'गरिबांना होतील' म्हणून. यादी बदलली नव्हती. वजन जुळेना.

कस्टमच्या काउंटरवर एक बाई होत्या. शांतपणे पेटी उघडली, एक साडी वर काढली आणि विचारलं, हे कोणासाठी? आमच्यातला एक पोरगा म्हणाला, गरिबांसाठी. बाई म्हणाल्या, जुन्या कपड्यांना वेगळा कागद लागतो. आमच्याकडे जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आहे, त्यावर लोकांची पोटं आहेत.

खरंच आहे. युरोप-अमेरिकेतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग इथे गावोगाव विकले जातात. 'काऊंजिका' म्हणतात. रस्त्याच्या कडेला हँगरला लावून बसलेल्या बाया मी नंतर डझनांनी पाहिल्या. त्या बाईंची चूक शून्य, आमची शंभर टक्के. आपल्या घरातल्या नकोशा साड्यांपायी लोकांचे पाय तीन दिवस कस्टमच्या गोदामात पडून राहिले. दान करायला निघालेल्या माणसाने आधी यादी नीट लिहावी, एवढं शिकलो.

दुसरा दिवस

दोन पेट्या घेऊन मिनीबसने दक्षिणेकडे निघालो. संस्थेचा एक माणूस उरलेल्या चार पेट्यांसाठी मागे थांबला.

निघालो म्हणजे डिझेलच्या रांगेत उभे राहिलो. इथे परकीय चलनाची टंचाई आहे, त्यामुळे इंधनाची टंचाई. पंपावर टँकर आला की बातमी पसरते आणि लोक गाड्या, कॅन घेऊन पळतात. पावणेचार तास रांगेत. ड्रायव्हरदादांना त्याचं काहीच वाटलं नाही. सीट मागे केली आणि झोपले. रांगेत उकडलेली अंडी, केळी, मोबाइलचं रिचार्ज विकणारी पोरं फिरत होती. १६ सप्टेंबर २०२५ ला इथे निवडणूक होती. चक्वेरा आणि मुथारिका यांची पोस्टर्स सगळीकडे. आपल्याकडच्या बॅनरवर वाढदिवसवाल्यांचे पंचवीस चेहरे असतात, इथे एका पोस्टरवर एक चेहरा, एवढाच फरक वाटला.

मग डेड्झा, न्चेऊ. डोंगराळ रस्ता. इथे बराच वेळ रस्ता सीमेला चिकटून जातो. उजव्या हाताला पलीकडे दिसतं ते मोझांबिक, आणि मध्ये कुंपणसुद्धा नाही. बटाट्याच्या राशी, लाल विटांच्या भट्ट्या, सायकलवर माणसाच्या उंचीची कोळशाची पोती लादून चढ चढणारे गडी. सायकलच इथली रिक्षा. 'काबाझा' म्हणतात, मागच्या सीटवर पॅसेंजर बसतो.

एका वळणावर काही पोरं काठीला बांधलेले भाजलेले उंदीर विकत होती. आमच्यातल्या एकाने खिडकीतून मोबाइल काढला. मोठे डॉक्टर सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, ''फोन आत. आपल्या गावात कोणी येऊन आपल्या ताटाचा असा फोटो काढलेला चालेल का?'' तिथून नियम झाला : न विचारता कोणाचा फोटो नाही, आणि पेशंटचा तर नाहीच. या पोस्टला कोणाच्या चेहऱ्याचा फोटो नाही त्याचं कारण हे.

लिवोंडेला शिरे नदी ओलांडली तेव्हा अंधार पडत आला होता. रात्री झोम्ब्यात मुक्काम. पूर्वी हीच राजधानी होती. १९७५ साली ती लिलाँग्वेला नेली. जेवायला न्सिमा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा. हाताने गोळा करायचा, बोटाने खळगा करायचा आणि भाजीला लावून खायचा. तात्यांना पहिल्याच घासाला आवडला. म्हणाले, ''ज्वारीच्या उकडीची बहीण आहे ही.''

तिसरा दिवस

झोम्ब्याहून सकाळी फालोम्बे जिल्ह्याकडे निघालो. समोर मुलांजे नावाचा प्रचंड डोंगर, तीन हजार मीटरचा, सपाट मैदानातून एकदम वर आलेला. रस्ता कच्चा. दोन्ही बाजूंना मका काढून झालेली शेतं. माझं लक्ष डोंगराकडे होतं. एवढ्यात मागून तात्या ओरडले, ''थांबवा! गाडी थांबवा!''

वाटलं कोणाला काही झालं. गाडी थांबली. तात्या उतरले आणि सरळ शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

तूर.

मक्याची वाळलेली ताटं आडवी झालेली, आणि त्यांच्यामधून पुरुषभर उंचीची तूर उभी. अर्ध्या शेंगा वाळलेल्या, अर्ध्या हिरव्या, वरच्या शेंड्याला अजून फुलं. जिकडे बघावं तिकडे. आमचे अकराही जण खाली उतरले. लातूर जिल्ह्यातला माणूस सहा हजार किलोमीटरवर तूर बघतो, तेव्हा काय होतं ते लिहून सांगता येणार नाही. तात्यांनी एक शेंग सोलली, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, ''ओल आहे अजून. पंधरा दिवस तरी.''

बातम्या लिहून लिहून 'आफ्रिकेची तूर' हा शब्द माझ्या बोटांना पाठ झालेला आहे. व्यापाऱ्यांच्या तोंडची अरुषा, मटवारा, गजरी ही नावंही पाठ आहेत. पण त्या तुरीला शेत असतं, बांध असतो, आणि बांधावर कोणी तरी उभं असतं, हे मला माहीत असूनही माहीत नव्हतं.

आम्ही ज्या गावात गेलो तिथे आंब्याखाली साठेक माणसं आमची वाट बघत बसलेली. कोणी कुबड्यांवर, कोणी सायकलच्या मागे बसून आलेलं, एका पोराला बापाने पाठीवर आणलेलं. साखरेच्या आजाराने गेलेले पाय, ट्रकखाली गेलेले पाय. आणि आमच्याकडे सामान नाही. गावच्या प्रमुखांसमोर डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं की पेट्या अडकल्या, चूक आमची, आज फक्त तपासणी करू. प्रमुखांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ''तुम्ही आलात, पेट्याही येतील.'' कोणी चिडलं नाही. आपल्याकडे एवढ्या लोकांना असं सांगितलं असतं, तर मी स्वतः 'शिबिरात सावळा गोंधळ' अशी बातमी लावली असती.

तपासणीला नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सोबत दुभाषी म्हणून झोम्ब्याच्या विद्यापीठात शिकणारी एक पोरगी. इथल्या चिचेवा भाषेत बाईमाणसाला आदराने 'मायी' म्हणतात. आपली मायच. मला पहिल्या तासात जमलं.

एक मायी आल्या. पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. डावा पाय गुडघ्याखाली नाही. मार्च २०२३ मध्ये 'फ्रेडी' चक्रीवादळ इथे धडकलं होतं. काही दिवसांत काही महिन्यांचा पाऊस पडला, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात हा जिल्हा फार होरपळला. घराची भिंत पडली, पाय त्याखाली सापडला.

सगळं लिहून झाल्यावर त्यांनीच मला विचारलं, कुठून आलात? मी म्हणालो, इंडिया. त्या म्हणाल्या, ''अम्वेन्ये'' म्हणजे भारतीय. आणि मग हाताने रस्त्याकडच्या शेताकडे दाखवून, ''नांदोलो.''

नांदोलो म्हणजे तूर.

''तुम्ही एवढ्या नांदोलोचं काय करता?'' त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी डाळ, वरण, फोडणी सगळं समजावलं. त्या हसल्या. इथे तूर अख्खीच शिजवून खातात, मीठ-टोमॅटो घालून. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. दुभाषी पोरीने तो भाषांतर करायच्या आधी एकदा माझ्याकडे पाहिलं.

''मग त्या वर्षी का नाही घेतली?''

मला आधी कळलं नाही. कुठल्या वर्षी? त्यांनी सांगितलं तसं हळूहळू उलगडलं. एक वर्ष असं आलं की काटा घेऊन फिरणारे व्यापारी दारात येऊन नांदोलो मागायला लागले. कधी नव्हे असा भाव. त्या पैशांतून त्यांनी अर्ध्या घरावर पत्रे टाकले. पुढच्या वर्षी भुईमूग कमी केला आणि नांदोलो वाढवला. सगळ्या गावानेच वाढवला. आणि पीक आलं तेव्हा काटेवाले आलेच नाहीत. जे एक-दोघे आले ते म्हणाले, इंडियाने दार लावलं. जो भाव सांगितला त्यात काढणीची मजुरीही निघत नव्हती. तूर घरात राहिली, भुंगे लागले. वर्षभर तीच खाल्ली. उरलेल्या अर्ध्या घरावर गवतच राहिलं.

मी हिशेब केला. २०१७.

मला घाम फुटला, थंडी असूनही. त्या वर्षी ती बातमी मी लावली होती.

बातमीदाराची खोड असते, दोन गोष्टी दिसल्या की जोडायच्या. माझ्याही डोक्यात लगेच आलं की गवताच्या बाजूची भिंत पडली असणार. पण भिंत कच्च्या विटेची होती आणि तो पाऊस असा होता की पत्र्याखालच्याही भिंती गेल्या. त्या मायींनी असं काही म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न साधा होता : एक वर्ष दारात येऊन मागता, दुसऱ्या वर्षी दार लावता. आम्हाला आधी का नाही सांगत?

आता आपल्याकडचं २०१७ आठवा

कारण विसरलो तर हे अर्धंच राहील.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. शहरात ओरड झाली. सरकारने शेतकऱ्याला सांगितलं, तूर पेरा. आणि जुलै २०१६ मध्ये मोझांबिकबरोबर डाळ आयातीचा करारही केला. म्हणजे आपल्यालाही 'पेरा' आणि त्यांनाही 'पेरा'. २०१६-१७ ला पाऊस चांगला झाला, तुरीचं विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, आणि मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास. खरेदी केंद्रांवर रांगा. आठवतं ना? आज बारदाना नाही, उद्या काटा बंद, परवा केंद्रच बंद. तात्या त्या केंद्राबाहेर सहा रात्री ट्रॅक्टरखाली झोपले होते. त्या रांगेचे फोटो मी काढलेले आहेत.

मग ऑगस्ट २०१७ मध्ये, आपल्याकडची बहुतेक तूर व्यापाऱ्याच्या गोदामात गेल्यावर, आयातीवर मर्यादा घातली. वर्षाला दोन लाख टन. तो महिना इथला काढणीचा. आपल्या शेतकऱ्याला त्याचा फार उपयोग झाला नाही कारण माल विकून झालेला होता, आणि इथल्या मायींचं पीक खळ्यावर होतं. मोझांबिकचा करार तरी होता, मलावीचा तेव्हा तोही नव्हता.

मे २०२१ मध्ये परत दार उघडलं. त्याच वर्षी मलावीबरोबरही करार झाला, पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन. त्यानंतर विनाशुल्क आयातीला मुदतवाढीवर मुदतवाढ. २०२५ मधली मुदतवाढ ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ८,००० जाहीर झाला होता, आणि तात्यांच्या घरी त्याआधीच्या हंगामातली नऊ क्विंटल तूर अजून पडून होती, कारण भाव त्याआधीच्या वर्षीच्या हमीभावाच्याही खाली होता.

त्यात मधल्या माणसाचं मात्र कधी अडत नाही. इथे गावातून काटेवाला घेतो, तिथून माल ब्लँटायरजवळच्या लिंबे गावात जातो. तिथली मोठी गोदामं बऱ्याच प्रमाणात भारतीय वंशाच्या, मुख्यतः गुजराती कुटुंबांची. पिढ्यान् पिढ्या इथलेच. १९७० च्या दशकात इथल्या सरकारने आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतून काढून शहरांत बसवलं, त्यामुळे गावात कोणी भारतीय दिसत नाही, आणि गावाला 'इंडिया' म्हणजे फक्त भाव माहीत. पुढे ट्रक किंवा रेल्वेने मोझांबिकच्या बैरा, नाकाला बंदरात, तिथून जहाजाने आपल्याकडे. हीच तूर आपल्या लातूरच्या डाळ मिलमध्ये येते. त्या डाळीच्या पिशवीवर मायींचं गाव लिहिलेलं नसतं, आणि तात्यांचंही नसतं.

त्या रात्रीचं भांडण

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. गुरुजींचे डोळे भरून आले. तात्या मात्र भडकले.

''म्हणजे आता तुम्ही आफ्रिकेच्या तुरीच्या बाजूनं लिहिणार का?''

मी म्हणालो, तात्या, तसं नाही.

''मग कसं? माझ्या घरी नऊ क्विंटल पडली आहे. पोराची फी त्यात आहे. त्या बाईचा पाय मी माझ्या हातानं करून देतो, रात्रभर बसून देतो. पण तिची तूर माझ्या तुरीच्या उरावर आली तर मी गोड बोलणार नाही.''

कोणी काही बोललं नाही. मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. कॉलेजच्या पोराने 'जागतिक बाजारपेठ' असं काही सुरू केलं, त्याला डॉक्टरांनी भाजी वाढून गप्प केलं.

चौथा दिवस

सकाळी उठलो तर तात्या जागेवर नाहीत. शोधत गेलो तर गावाकडच्या रस्त्याला मायींच्या शेतात उभे. मायी कुबड्या टेकून बांधावर, दुभाषी पोरगी मध्ये. तात्या हाताने दाखवत होते की तूर गुडघ्याएवढी झाली की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या जास्त फुटतात. मायी त्यांना सांगत होत्या की काढणीनंतर काही झाडं त्या बुडापासून छाटून तशीच ठेवतात, परत फुटतात, सरपणही मिळतं. तात्या बी कुठलं विचारत होते. आपल्याकडे बीडीएन ७११ आहे, हे चिचेवात कसं सांगायचं यावर पोरगी हसून बेजार झाली होती.

परत येताना तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ''एक एकर आहे तिला. एक. माझ्याकडं साडेचार.'' थोडं चालल्यावर, ''तिला पण बारदाना स्वतःचाच आणावा लागतो.''

एवढंच बोलले. त्यांचं मन बदललं वगैरे मी लिहिणार नाही. मी विचारलं नाही.

त्यांच्या खिशात चार शेंगा निघाल्या. बी म्हणून घरी नेणार होते. कीड-रोगाचे नियम असतात, विमानतळावर अडवतील, असं डॉक्टरांनी समजावलं. कस्टमचा अनुभव ताजा होता. शेंगा तिथेच सोलून खाल्ल्या.

दुपारी पेट्या आल्या. साड्या आणि दप्तरं लिलाँग्वेतच राहिली. भट्टी पेटली. पहिल्या दिवशी एकोणीस जणांच्या पायाचे प्लास्टरचे साचे घेतले. मायींचा नंबर अकरावा. साचा घेताना प्लास्टर गार लागतं, तर त्या दचकल्या आणि तात्यांकडे बघून काहीतरी म्हणाल्या. पोरीने भाषांतर केलं : ''याला सांगा, पाय नीट बसला तर पुढच्या वर्षी शेंडे मीच खुडीन.''

मला काय म्हणायचं आहे

मी आयातीच्या बाजूने झालेलो नाही. आपली तूर हमीभावाच्या खाली विकली जात असताना विनाशुल्क आयात चालू ठेवणं चूक आहे, हे मी आधीही लिहिलं, पुढेही लिहीन. त्याला माझं नाव असेल.

पण एक मागणी मी आतापर्यंत कधी नीट मांडली नाही, ती आज मांडतो. आयातीचं धोरण पेरणीच्या आधी जाहीर करा आणि काढणी होईपर्यंत बदलू नका. आपली पेरणी जून-जुलैत, इथली नोव्हेंबर-डिसेंबरात. किती तूर बाहेरून घेणार, किती शुल्क लावणार, हे मेमध्ये सांगितलं तर तात्या ठरवतील तूर किती लावायची आणि सोयाबीन किती. मायीही ठरवतील नांदोलो किती आणि भुईमूग किती. रात्रीतून निघालेल्या अधिसूचनेची खबर दोघांनाही सगळ्यात शेवटी लागते. गोदामवाल्याला पहिल्यांदा. भाव वाढला की दार उघडा, पडला की लावा, यात ग्राहक वाचतो असं म्हणतात. २०१५ ची २०० रुपयांची डाळ खाऊन बघितलेला ग्राहकही त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आपल्या खासदारांना, बाजार समितीच्या संचालकांना ही पोस्ट टॅग करतोय. ती मुदतवाढ मार्च २०२६ पर्यंतची होती. 

आणि 'आक्रमण' हा शब्द. तो मी त्या हेडलाइनमध्ये वापरला होता. एक एकरवाल्या बाईचं पोतंभर पीक म्हणजे आक्रमण नव्हतं. तेवढा शब्द मी आज मागे घेतो.

मायींचा पाय परवा बसेल. कमेंटमध्ये शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण तुरीचा भाव आज मोंढ्यात काय निघाला तेही लिहा. तात्या रोज विचारतात आणि इथे नेटवर्क फक्त त्या आंब्याखाली येतं.